सगळ्यात वाईट पंप

रणपिसे मॅडम खुर्चीवर बसल्या आहेत असं चित्र डोळ्यांसमोर आणायला गेलो तर ते येतच नाही. खुर्ची येते. तिच्या पाठीवर टाकलेली करडी शाल येते, कारण खराडीच्या आमच्या ऑफिसात एसी असा सोडतात की भर मे महिन्यात बायका शाली पांघरून कामं करतात. पण मॅडम त्या खुर्चीमागे उभ्या असतात, नाहीतर खिडकीशी, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर वाकून त्याचा स्क्रीन वाचत असतात. मीटिंगमध्ये सगळे बसले की त्या उठायच्या आणि टेबलाभोवती फेऱ्या सुरू करायच्या. बोलणाऱ्याची मान त्यांच्यामागे फिरायची. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या दिवशी गोंधळायचे, दुसऱ्या दिवशी वैतागायचे, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच उभे राहून बोलायला लागायचे.

आमची कंपनी डोंगरात, चिखलात, वाळूत चालणाऱ्या दणकट गाड्या बनवते. गाडी एकच, पण ती अनेक देशांत जाते, आणि कुठल्या देशात जाताना तिच्यात कुठलं इंजिन घालायचं हे ठरवणाऱ्या विभागाच्या मॅडम प्रमुख होत्या. मी त्यांच्या हाताखाली. कुठे काय खपेल याचे तक्ते करायचे आणि ते त्यांनी फाडून खाल्ले की पुन्हा करायचे, हे माझं काम. पाठीमागे आम्ही त्या विभागाला वधूवर सूचक मंडळ म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्ही सगळे खाली बघायला लागलो. त्या म्हणाल्या, की आमच्यात पत्रिका बघत नाहीत, माझ्याही लग्नात बघितली नाही. पण इंजिनाची मात्र मी सासर बघितल्याशिवाय पाठवणी करणार नाही.

आणि सासरं तरी कसली एकेक. आखातात पेट्रोल पाण्यासारखं मिळतं, तिथे डिझेलला कुणी दारात उभं करत नाही. ऑस्ट्रेलियात लोकांना गाडीमागे अख्खं घर जोडून सुट्टीवर जायची हौस, तिथे ओढायला जोरदार, मोठं डिझेल लागतं. युरोपात डिझेलच्या गळ्यात धूर गाळणारा फिल्टर बांधा, वर युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी द्या, एवढं करूनही तिथली मोठी शहरं तिला वेशीवरच अडवू बघतात. आपल्याकडेही आता फिल्टरशिवाय नवी डिझेल गाडी निघत नाही, आणि ते योग्यच आहे. मग उरतात असे मुलूख, जिथे डिझेलमध्ये गंधक असतं, पिंपाच्या तळाचा गाळ असतो, कधी पाणीही असतं. तिथे आम्ही जुनं, साधं, फिल्टर नसलेलं इंजिन देत होतो. ते खडखडतं, धूर सोडतं, पण घोटभर बरं-वाईट पचवतं.

हे सगळं मी माझ्या पहिल्या तक्त्यात मांडलं होतं. रंगीत रकाने होते. मॅडमनी तो कागद उभ्या उभ्या बघितला, दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर वाजत होती, आणि मला विचारलं, "अहो मोहोळकर, यातला सगळ्यात वाईट पंप कुठला?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि पुढे जन्मभर पुरला. त्यांचं म्हणणं असं, की देशाच्या राजधानीतलं डिझेल बघून इंजिन ठरवायचं नाही. गाडी जाते त्या शेवटच्या गावातला सगळ्यात वाईट पंप बघायचा आणि त्याच्यावरून ठरवायचं. आमच्यापैकी कुणी परदेशी निघालं की बाकीचे त्याला चॉकलेटं सांगायचे, मॅडम पंपाचा फोटो सांगायच्या. त्यांच्या टेबलामागची भिंत अशा फोटोंनी भरलेली होती. हातपंपासारखं हँडल मारून तेल काढणारी म्हातारी. झाडाला टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. काचेच्या चकचकीत इमारतीत सातव्या मजल्यावर ती भिंत बघून नवीन माणसाला वाटायचं, इथे कुणीतरी भिकार प्रवासवर्णन लिहीत असणार.

मादागास्करचा फोटो मी आणला होता. एक पिंप, एक नरसाळं, आणि नरसाळ्यावर ताणून धरलेलं जुनं फुलाफुलांचं कापड. तिथला ड्रायव्हर त्यातून डिझेल गाळून टाकीत ओतत होता. तिथल्या डोंगरातल्या दवाखान्यांसाठी आमच्या गाड्या जायच्या, पेशंटला खाली शहरात आणायला. मॅडमनी तो फोटो भिंतीच्या बरोब्बर मध्ये लावला आणि कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांच्या मानाने कितीतरी वेळ.

आता त्यांच्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण मॅडमना ओळखायचं तर त्यांच्या गाडीत बसावं लागे. आमच्याच कंपनीची पांढरी डिझेल. घर कर्वेनगरला, ऑफिस खराडीत, म्हणजे रोज पुण्याचं एक टोक ते दुसरं. त्या गाडीत त्यांची एक सवय होती आणि ती आम्हाला कुणालाही समजत नसे. गाडी उभी असली तरी त्या इंजिन बंद करत नसत. चहाला थांबल्या, इंजिन चालू. फाइल द्यायला कुणाच्या फाटकाशी आल्या, इंजिन चालू. सोसायटीच्या वॉचमनशी त्यांचं यावरून कायमचं वाजलेलं. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत काजळी जास्त साठते, हे जगाला शिकवणारी ही बाई.

याच्या नेमके उलट त्यांचे यजमान. रणपिसे सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि ते शास्त्र त्यांनी फक्त शिकवलं नाही, पाळलं. सिग्नल लाल झाला की सर इंजिन बंद करणार. पुढे एक स्कूटर थांबली तरी बंद करणार. घरी एक गाडी आणि दोन टोकं. मॅडम म्हणायच्या, आमचा संसार टिकला याचं कारण दोघं एकाच वेळी स्टिअरिंगवर नसतो.

आणि गंमत बघा, कंपनीला वाचवलं ते सरांनी. फिल्टरवाली नवी गाडी बाजारात आली, मॅडमनीही तीच घेतली, त्या वर्षी पुण्यातून तक्रारींची रांग लागली. फिल्टर चोक होतोय. ही गाडी आम्ही बर्फात चालवली होती, वाळवंटात चालवली होती, कुठेही काही झालं नव्हतं. आणि पुण्यात, घरच्या अंगणात, धापा टाकायला लागली. कर्वेनगरातलेच एक निवृत्त गृहस्थ तर सर्व्हिस सेंटरला सांगून गेले, की इतर गाड्या ऑइल खातात, या गाडीत ते आपोआप वाढतं, तेव्हा फिल्टरचं सोडून बाकी माझी काही तक्रार नाही. हे ऐकून मॅडम हसल्या नाहीत. त्यांची बोटं वाजायची थांबली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि सरांना म्हणाल्या, आपण नेहमी चालवता तशीच चालवा, आज मी काही बोलणार नाही. सरांना ते आधी खरं वाटेना. मग आम्ही कर्वे रस्त्याने डेक्कन, डेक्कनवरून शनिवार पेठ, तिथून परत, असे निघालो. फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी आपली आपण ती जाळायला घेते. त्यासाठी जास्तीचं डिझेल आत सोडते, आणि ते काम पुरं व्हायला तिला काही वेळ सलग पळावं लागतं. इथे ती जाळायला घेत होती आणि दर सिग्नलला सर किल्ली फिरवत होते. अर्धवट काजळी तशीच. अर्धवट डिझेल झिरपत झिरपत ऑइलमध्ये. जगातल्या कुठल्याही चाचणीत हे आलं नव्हतं, कारण जगात कुठेही चाचणी घेणारा ड्रायव्हर तांबडा दिवा दिसला की चमचाभर डिझेल वाचवत नाही. शेजारी मॅडम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. शेवटी अलका चौकात त्या म्हणाल्या, "बघितलंत मोहोळकर? आपण सगळं जग हिंडलो आणि सगळ्यात वाईट पंप माझ्या घरात निघाला."

सर शांतपणे म्हणाले, "पंपाने आजवर अ‍ॅव्हरेज मात्र चांगलं दिलेलं आहे."

तक्रारींचं कारण सापडलं, आणि त्यानंतर मॅडमचा रविवार ठरून गेला. सरांनी आठवडाभर साठवलेली काजळी जाळायला त्या सकाळीच गाडी सातारा रस्त्याला काढायच्या, कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरपर्यंत, एका वेगात, न थांबता. कधी कधी मला फोन यायचा, येताय का काजळी जाळायला. मी जायचो. रहदारी मागे पडली की त्यांची बोटं थोडी सैल व्हायची. पण बाई गप्प बसतील तर शपथ. पुढच्या ट्रकचा आवाज ऐकून त्याचा नोझल कसा बिघडलाय ते सांगायच्या, मध्येच कुठल्यातरी देशात जायच्या, मध्येच सरांच्या गुडघ्यांवर यायच्या.

अशाच एका रविवारी त्यांच्या वडिलांचा विषय निघाला. निघाला म्हणजे मी काढला. आपण गाडी बंद का करत नाही, असं मी एकदाचं विचारून टाकलं.

वडील सरकारी दवाखान्याची गाडी चालवायचे. घर येरवड्यात, तुरुंगाच्या बाजूच्या वस्तीत. गाडी जुनाट डिझेल, बॅटरी मेलेली, स्टार्टर लागला तर लागला. म्हणून वडील ड्यूटीवर असताना ती बंदच करत नसत. दुपारी जेवायला घरी आले तरी गाडी दाराशी खडखडत उभी. मॅडमनी त्या आवाजात अभ्यास केला, त्या आवाजात जेवण केलं. धूर घरभर. आईचा खोकला त्या धुराचा, असं त्या साध्या आवाजात म्हणाल्या, म्हणून डिझेलच्या धुराचं कौतुक मला कुणी सांगू नये. एकदा वडील नगर रस्त्याच्या बाजूच्या एका गावात बाळंतपणात अडलेली बाई आणायला गेले. ते आत स्ट्रेचर धरायला मदत करत होते, तेवढ्यात बाहेर कुणीतरी शहाण्याने, उगाच डिझेल जळतंय म्हणून, चांगल्या मनाने गाडी बंद केली.

"ती परत सुरू होईना," मॅडम म्हणाल्या. "गावाने ढकलली. पार मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलली, तेव्हा लागली. ती बाई वाचली का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही."

मग त्यांनी गिअर बदलला आणि सरांच्या गुडघ्यांवर आल्या. त्या दिवशी मला माझ्या तक्त्यांची लाज वाटली नाही, पण भीती वाटली. माझ्या एका रकान्याच्या शेवटी अशी एक बाई स्ट्रेचरवर असू शकते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात कंपनीने ठरवायला घेतलं, की आता एकच इंजिन, सगळ्या देशांना. नवं, फिल्टरवालं. जुन्या इंजिनाची लाइन बंद. आमचे वरचे साहेब बन्सल, दिल्लीकडचे, माणूस वाईट नव्हे. त्यांचं गणितही खोटं नव्हतं. जुनं इंजिन मागणारे देश कमी होत चालले होते, आणि ज्यांना थोड्याच गाड्या हव्यात त्यांच्यासाठी एक अख्खी लाइन चालू ठेवायची म्हणजे चार माणसांसाठी लग्नाचा हॉल घेण्यासारखं. पण मादागास्करच्या दवाखान्यांची नवी ऑर्डर येऊन पडली होती. त्यांना नवं इंजिन गेलं तर त्या पिंपातल्या डिझेलवर फिल्टर चोक होणार, आणि फिल्टर चोक झाला की नवी गाडी स्वतःला वाचवण्यासाठी आपला जोर आपणच कमी करते. रांगत चालते. डोंगरात, मागे पेशंट असताना.

मॅडम महिनोन् महिने या एका गोष्टीसाठी भांडल्या. मीटिंगमध्ये त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की बन्सल साहेबांनी एकदा हात जोडून, मॅडम, आप बैठिए, चक्कर मुझे आ रहा है, असं म्हटलं. त्या बसल्या, आणि पुढच्याच वाक्याला उठल्या. कोणी म्हणालं, तिथल्या सरकारने डिझेल सुधारायला घेतलंय. मॅडम म्हणाल्या, घेतलंय ना, सुधारलं की मी स्वतः नवं इंजिन घेऊन जाते; तोवर ही एक ऑर्डर जुन्या इंजिनावर जाऊ द्या. एकीने विचारलं, जुनं इंजिन धूर सोडतं त्याचं काय. हा प्रश्न मात्र त्यांना लागला. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "धूर वाईटच. माझ्या घरात होता. पण धुरातून माणूस खोकत का होईना, दवाखान्यात पोचतो. आधी पोचू दे."

निर्णय झाला नाही. पुढच्या मीटिंगवर गेला, आणि पुढच्या मीटिंगच्या आधी मॅडम निवृत्त झाल्या.

निरोप समारंभात केक, शाल, श्रीफळ, फोटो. भाषणात त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, भिंतीवरचे फोटो काढू नका. दुसरी, आणि ती त्या नव्या माणसांना नेहमीच सांगत, की फाटकाबाहेर गेलेल्या माणसाला आतलं सांगायचं नाही. उद्यापासून मी बाहेरची. मग शाल हातात घेऊन त्या जिन्याने खाली गेल्या. लिफ्टची वाट बघायला थांबणं त्यांच्याने झालं नाही.

आणि त्यांनी तो नियम पाळला, आम्हालाही पाळायला लावला. फोन यायचे. काजळी जाळायला या म्हणायच्या. सातारा रस्त्यावर आम्ही तासन् तास बोलायचो, पण मादागास्कर हा शब्द आमच्यामध्ये सीट बेल्टसारखा ताणलेला असायचा. त्या विचारायच्या नाहीत, मी सांगायचो नाही. त्यांची बोटं स्टिअरिंगवर वाजत राहायची. मला वाटायचं, ही बाई एक दिवस मला घाटातच खाली उतरवणार आणि विचारणार. सर मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, हल्ली ती घरातही फेऱ्या घालते, टाइल्स झिजतील. ते चेष्टेत म्हणाले, पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

मग ती ऑर्डर निघायचा दिवस आला. वाघोलीच्या पुढे आमचं मोठं आवार आहे, तयार गाड्या तिथून ट्रेलरवर चढून बंदराकडे जातात. सकाळी मी तिथे पोचलो तर कुंपणाबाहेर, ट्रेलरांच्या रांगेपलीकडे, पांढरी गाडी उभी. इंजिन चालू. हे ट्रेलर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतात, आणि मॅडम त्या रस्त्यावरून किती दिवस जात होत्या देव जाणे. फाटकावरचा रखवालदार आबा वाघोलीचाच, मॅडमना वर्षानुवर्षं ओळखणारा. तो काचेशी वाकून विनवत होता.

"मॅडम, आत या की. तुमाला कोन अडवनार हाय इथं?"

"अहो आबा, नियम मीच केलाय," मॅडम म्हणाल्या. "मी इथेच बरी."

मी फाटकातून बाहेर आलो आणि त्यांच्या खिडकीशी उभा राहिलो. त्यांनी विचारलं नाही. माझ्या मुलीच्या शाळेचं विचारलं. खराडीच्या ट्रॅफिकला शिव्या दिल्या. मी उत्तरं देत होतो आणि मला काय माहीत आहे ते माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून ट्रेलरकडे बघत होतो. आतमध्ये नव्या पांढऱ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, बाजूला लाल क्रॉस रंगवलेला. बाहेरून सगळ्या सारख्या. आत कुठलं इंजिन आहे ते कुंपणाबाहेरून दिसत नाही.

पण ऐकू येतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ड्रायव्हर पहिल्या गाडीत बसला. मॅडमनी बोलता बोलता काच पूर्ण खाली घेतली आणि बोलायच्या थांबल्या. स्टार्टरचा आवाज झाला, क्षणभर काहीच नाही, आणि मग ते सुरू झालं. खड खड खड खड. जाडंभरडं, मोकळं, जुनं. पाठीमागून काळ्या धुराचा एक भपका निघाला आणि आबाने नाकाला उपरणं लावलं.

मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. एका गाडीवर विश्वास ठेवतील तर त्या रणपिसे मॅडम कसल्या. दुसरी सुरू झाली. खडखड. तिसरी. प्रत्येक गाडीला त्या मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, आणि स्टिअरिंगवर त्यांची बोटं वाजत होती. एकेक गाडी ट्रेलरवर चढत गेली. शेवटची सुरू झाली, तीही तशीच. सगळं आवार त्या आवाजाने भरून गेलं, येरवड्यातल्या त्या दाराशी असायचा तसल्याच आवाजाने, आणि मला दिसलं की मॅडमची बोटं थांबली आहेत.

त्यांनी हात पुढे केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

"सर म्हणतात ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उभ्या गाडीत उगाच डिझेल कशाला जाळायचं."

ट्रेलर एकामागून एक नगर रस्त्याला लागले. आबा त्यांना हात करत होता. मला आत सह्या करायच्या होत्या, मी निघालो, आणि फाटकातून एकदा मागे वळून बघितलं. मॅडम दोन्ही हात मांडीवर ठेवून, सीटला पाठ टेकून, तिथेच बसलेल्या होत्या.